काजूवरील ढेकण्या : ओळख व साप्ताहिक नोंद

कोकणात पावसाळा सरल्यावर काजूला नवी पालवी फुटते, मागोमाग मोहोर येतो आणि घरोघर वर्षाच्या कमाईचे आडाखे बांधले जातात. याच सुमारास कोवळे शेंडे काळे पडू लागतात व मोहोर करपल्यासारखा वाळतो. पुष्कळदा याचा दोष केवळ ढगाळ हवेला दिला जातो. परंतु बहुधा ते काम ढेकण्या या किडीचे असते. चहाच्या मळ्यांतही हिच्या जातीचा उपद्रव होत असल्याने इंग्रजीत तिला ‘टी मॉस्किटो बग’ म्हणतात. वास्तविक ती डास नव्हे. ढेकणाच्या गणातील रस शोषणारा कीटक आहे.

किडीची ओळख व जीवनक्रम

पूर्ण वाढलेला ढेकण्या सडपातळ, लांब पायांचा व तांबूस-तपकिरी असतो. त्याचे डोके काळे असून पाठीवर टाचणीसारखा उभा काटा असतो. ही त्याची पक्की खूण होय. मादी कोवळ्या शेंड्यांत व मोहोराच्या देठांत अंडी खुपसून घालते. अंडे आत दडते. बाहेर केवळ दोन रुपेरी तंतू दिसतात. सुमारे आठवड्याभरात पिले बाहेर पडतात, पाच वेळा कात टाकतात आणि एकंदर तीन ते चार आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणूनच आज दुर्लक्षिलेले थोडे किडे मोहोराच्या वेळेपर्यंत अनेक पटींनी वाढलेले असतात.

पिले व प्रौढ दोन्ही सोंड खुपसून रस शोषतात. त्यांच्या लाळेतील विषारी द्रव्यामुळे त्या जागी प्रथम पाणीदार व नंतर काळा डाग पडतो. पुष्कळदा डिंकही झरतो. शेंडा वाळतो, मोहोर जळतो आणि कोवळ्या बिया सुकून गळतात. काजूचा बहर नसताना ही कीड पेरू, कडुनिंब अशा झाडांवर तग धरते.

नोंद कशी ठेवावी

पालवी फुटल्यापासून बिया धरेपर्यंत, म्हणजे साधारणतः ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, दर आठवड्यास ठरलेल्या दिवशी सकाळी पाहणी करावी. मालकाच्या संमतीने शाळेजवळच्या बागेतील विखुरलेली पाच झाडे निवडावीत. प्रत्येक झाडाच्या चारही दिशांना, हाताच्या उंचीवरील पाच-पाच शेंड्यांस सुतळी बांधावी. असे एकंदर शंभर शेंडे होतात. काळे डाग पडलेले शेंडे मोजले की तीच टक्केवारी ठरते. निराळा भागाकार नको. चौथीच्या मुलांनाही हे गणित सहज उमगेल. नोंदवहीत दिनांक, डागाळलेले शेंडे, दिसलेले किडे आणि हवामान असे चार रकाने पुरेत. आकडा सलग दोन आठवडे चढत गेल्यास बागमालकास व कृषी खात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्यास कळवावे. उपाययोजना त्यांनी ठरवावयाची आहे.

फवारणी झालेल्या बागेत मुलांना नेऊ नये. काजूच्या कच्च्या बीचे तेल त्वचेला भाजते, म्हणून मुलांना बियांना हात लावू देऊ नये.

मोजणीचे महत्त्व

केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर याच किडीसाठी दोन दशकांहून अधिक काळ, 2000 सालापर्यंत, हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान हे विषारी औषध फवारले गेले. कीड कोठे किती आहे याचा विचार न करता ते सर्वत्र पडले. घरे, विहिरी व ओढेही त्यातून सुटले नाहीत. त्या गावांत मुलांमध्ये जन्मजात व्यंगे व गंभीर आजार आढळले. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने या औषधावर देशभर बंदी घातली आणि 2017 साली बाधितांना प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आदेश केरळ राज्यास दिला.

कीड झाडावर आहे, एवढ्यावरून फवारणी करणे इष्ट नव्हे. काजूच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या आणि ढेकण्याला खाणाऱ्या लाल मुंग्या व कोळी त्या औषधाने मरतात. कीड किती, कोणत्या झाडांवर व वाढते की घटते, हे कळले तर औषध गरजेपुरते आणि वेळेवर वापरता येते. शिक्षकांनी मुलांच्या हाती ही वही दिल्यास निसर्गाभ्यासाचा पाठ तर होईलच, शिवाय त्या मुलांच्या घरच्या बागेसही तिचा उपयोग होईल.