चौतीस वर्षांचा फोटो

बालमित्रांनो, आज रात्री एक गंमत करून पाहा. बारीक विणीचा एक पातळ रुमाल डोळ्यांसमोर ताणून धरा आणि त्यातून रस्त्यावरच्या लांबच्या दिव्याकडे पाहा. (सूर्याकडे मात्र असं कधीही पाहायचं नाही हं!) एका दिव्याच्या जागी तुम्हाला अनेक ठिपके दिसतील, तेही ओळीत मांडल्यासारखे. रुमाल फिरवला की ठिपकेही फिरतील. कापड आणखी बारीक विणीचे घेतले, तर ठिपके एकमेकांपासून लांब जातील. म्हणजे बघा, धागे दिसत नसले तरी ठिपक्यांवरून कापडाची वीण ओळखता येते!

अगदी याच युक्तीने शास्त्रज्ञांनी प्रथिनांचे रेणू पाहिले.

प्रथिने म्हटली की आपल्याला डाळी, दूध, अंडी आठवतात. पण आपल्या शरीरातही हजारो प्रकारची प्रथिने काम करत असतात. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन, आणि साखरेवर ताबा ठेवणारे इन्शुलिन हेही प्रथिनच. अमिनो आम्ल नावाचे मणी ओवून केलेली ही माळ असते. ती माळ विशिष्ट पद्धतीने दुमडली, तरच प्रथिन काम करते. कुलपाला किल्ली लागते ती तिच्या आकारामुळे, तसंच!

१९२२ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे इंजेक्शन दिले गेले. मधुमेहाने तो अगदी खंगला होता. इन्शुलिनने त्याला जीवदान मिळाले आणि पुढे लाखो लोकांनाही. पण हे औषध दिसते कसे? ते कुणालाच ठाऊक नव्हते.

तुम्ही म्हणाल, सूक्ष्मदर्शकातून बघायचं की! पण तिथेच तर अडचण आहे. जाड हातमोजे घालून तांदळातले बारीक खडे वेचता येतील का? नाही ना? उजेडाची एक लाट दोन अणूंमधल्या अंतरापेक्षा हजारो पटींनी मोठी असते. तिला अणू 'लागतच' नाहीत. क्ष-किरणांच्या लाटा मात्र जवळजवळ अणूंमधल्या अंतराएवढ्याच असतात. पण एकट्या रेणूवरून पसरणारे किरण फारच क्षीण. म्हणून हवा स्फटिक. खडीसाखरेचा खडा म्हणजे साखरेचा स्फटिकच. त्यात असंख्य रेणू शाळेतल्या कवायतीसारखे रांगेत उभे असतात. सगळ्यांवरून पसरलेल्या लाटा एकत्र आल्या की फिल्मवर ठिपके उमटतात. आपल्या रुमालासारखेच! १९१२ साली जर्मनीत हे प्रथम दिसले. ठिपक्यांवरून अणूंची रचना कशी ओळखायची, हे इंग्लंडच्या ब्रॅग पिता-पुत्रांनी दाखवले आणि १९१५ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. मुलगा तेव्हा फक्त २५ वर्षांचा होता!

आता भेटू या डोरथी हॉजकिन यांना. १९३५ साली ऑक्सफर्डमध्ये त्यांनी इन्शुलिनच्या चिमुकल्या स्फटिकाचा क्ष-किरण फोटो घेतला. रात्री फिल्म धुतली, तर तिच्यावर ठिपकेच ठिपके! त्या इतक्या आनंदल्या, की रात्री ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून भटकत राहिल्या. तेव्हा त्या २५ वर्षांच्याही नव्हत्या.

फोटो तर मिळाला, पण उत्तर मिळाले नाही. का बरं? ठिपका किती गडद आहे, यावरून लाट किती मोठी ते कळते. पण तिचा उंचवटा नेमका केव्हा येऊन पोहोचला, ते फिल्मवर उमटतच नाही. आणि ते कळल्याशिवाय लाटांवरून चित्र जुळवता येत नाही. इन्शुलिनमध्ये तर जवळजवळ ८०० अणू!

वाट दाखवली केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांनी. १९५३ साली त्यांनी हिमोग्लोबिनच्या रेणूला पाऱ्याचे जड अणू चिकटवले. अंधाऱ्या मैदानात एकाच मुलाच्या हाती कंदील असला, की आधी तो सापडतो आणि मग त्याच्या आधाराने बाकीचे. तसेच हे. जड अणूमुळे ठिपक्यांत जो फरक पडतो, त्यावरून हरवलेली माहिती काढता येते.

मधल्या काळात डोरथीबाई हात जोडून बसल्या नव्हत्या, बरं का! पेनिसिलिन आणि जीवनसत्त्व बी-१२ यांची रचना त्यांनी शोधली. १९६४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तरुणपणीच संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती, तरी काम थांबले नाही. अखेर १९६९ साली, पहिल्या फोटोनंतर ३४ वर्षांनी, इन्शुलिनचे चित्र पूर्ण झाले. त्यांच्या चमूत केरळचे एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते.

चित्रात काय दिसले? इन्शुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती घोळका करून बसले होते. शरीरात काम करायला मात्र रेणू सुटा व्हावा लागतो. रेणू एकमेकांना कुठे धरतात हे कळल्यामुळे शास्त्रज्ञांना तिथे छोटासा बदल करता आला. १९९६ साली लवकर काम करणारे इन्शुलिन बाजारात आले. चित्राचा उपयोग थेट रुग्णाला झाला!

आज आणखी वाटा आहेत. जोरदार चुंबकात प्रथिनाचे द्रावण ठेवून अणू एकमेकांपासून किती लांब आहेत ते काढतात. ही रीत प्रथिनांसाठी वापरण्याजोगी करणारे कुर्ट वुथरिख यांना २००२ साली नोबेल मिळाले. प्रथिन झटकन गोठवून त्याची इलेक्ट्रॉनांनी चित्रे घेतात. त्याला स्फटिक लागतच नाही. करोना विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनाचा आकार २०२० साली असाच काही आठवड्यांत कळला. आता तर संगणक नुसत्या मण्यांच्या क्रमावरून आकाराचा अंदाज सांगतो. त्यालाही २०२४ साली नोबेल मिळाले. पण संगणक हे शिकला कुणाकडून? १९७१ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकेक आकार मोजून जमवलेल्या साठ्यातून! चौतीस वर्षे वाट पाहणारे नसते, तर संगणकाला धडा कोण देणार होते?

आणि डोरथीबाईंची सुरुवात ठाऊक आहे? वयाच्या दहाव्या वर्षी तुरटी आणि मोरचुदाचे स्फटिक बनवण्यापासून. मोरचूद विषारी असते, त्याच्या वाटेला जाऊ नका. पण तुरटी किराणा दुकानात मिळते. आईबाबांच्या मदतीने गरम पाण्यात मावेल तितकी तुरटी विरघळवा, त्यात दोरा सोडा आणि भांडे न हलवता काही दिवस ठेवा. रोज उचलून बघायचं नाही हं. थोडा धीर धरा!