सीडी ड्राइव्ह नाही? बिघडलं कुठं!

जुलै महिना. बाहेर भुशीचा पाऊस, रस्त्यावर धरणाकडे निघालेल्या गाड्यांची रांग आणि होस्टेलच्या खोलीत तीन दिवस न वाळलेले कपडे. अशा एका रविवारी मेसमधले काका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जुनं नेटबुक घेऊन आले.

"पोरगी डिप्लोमाला लागलीये. तिला यावर सी शिकता येईल का, बघ ना जरा. दुकानवाला म्हणतो भंगारात टाका."

उघडून बघितलं. ॲटम एन २७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज सुरू व्हायला चहा पिऊन येण्याइतका वेळ. सीडी ड्राइव्ह तर नाहीच. दुकानवाल्याचं नेमकं इथेच अडलं होतं. मित्रांनो, हे अडणं किती खोटं आहे, ते सांगायला हा लेख.

आधी थोडं घाटाखाली जाऊ. रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या एका खोलीच्या शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. मुलांच्या हातात आलेल्या त्या हिरव्या-पांढऱ्या 'एक्सओ' लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी फ्लॅश मेमरी. सीडी ड्राइव्ह नाही, हार्ड डिस्कही नाही! आत फेडोरावर बेतलेलं लिनक्स आणि त्यावर 'शुगर' नावाचा मुलांसाठीचा डेस्कटॉप. सिस्टिम बिघडली की पेन ड्राइव्ह लावायचा, स्क्रीनशेजारची खेळाची चार बटणं दाबून धरायची आणि मशीन चालू करायचं, की नवी सिस्टिम भरली जाई. म्हणजे आपला प्रश्न केव्हाच सुटलेला आहे.

आता पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू होतं कसं? मशीन चालू झालं की बायॉस डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतो आणि तिथला छोटासा प्रोग्राम चालवतो. सीडीची रीत वेगळी असते. पण सीडीच्या फाइल सिस्टिममध्ये सुरुवातीचे ३२,७६८ बाइट रिकामे सोडलेले असतात. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून आलं, की या मोकळ्या जागेत डिस्कचा बूट सेक्टर ठेवून द्यावा. झालं! तीच आयएसओ फाइल सीडीवर टाकली तर सीडी, पेन ड्राइव्हवर टाकली तर डिस्क. आज बहुतेक लिनक्सच्या आयएसओ अशा दुहेरीच असतात. म्हणून फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून भागत नाही, ती पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी उतरवावी लागते.

कोणतं लिनक्स घ्यायचं? आधी प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा ते बघा. ६४ बिट आणि २ जीबी रॅम असेल तर डेबियन घ्या, डेस्कटॉप म्हणून एलएक्सक्यूटी निवडा. एन २७० हा ३२ बिटवाला. उबुंटूने ३२ बिटची साथ केव्हाच सोडली आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. म्हणून काकांच्या नेटबुकसाठी आम्ही ३२ बिटचं अँटीएक्स घेतलं. डाउनलोड झाल्यावर चेकसम जुळतो का ते बघा. होस्टेलच्या वायफायवर अर्धवट उतरलेली फाइल रात्रभर डोकं खाते, हा अनुभव.

विंडोजवरून पेन ड्राइव्ह बनवायला 'रूफस' सोपा आहे. लिनक्सवर 'डीडी' ही कमांड. इथे मात्र थांबा, कारण इथेच माझं नाक कापलं गेलं.

डीडीला दोन गोष्टी सांगायच्या असतात, कुठून घ्यायचं आणि कुठे लिहायचं. तो 'नक्की का?' असं विचारत नाही. त्या रात्री रूममेटची पोर्टेबल डिस्कही माझ्या लॅपटॉपला लावलेली होती. पेन ड्राइव्ह नेहमी 'एसडीबी' असतो, या सवयीने मी एंटर मारला. पेन ड्राइव्हचा दिवा काही लुकलुकेना, डिस्कचा मात्र जोरात चालू! तीत त्याच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि घरचे फोटो होते. पुढचे दोन दिवस 'फोटोरेक' चालवून बरेच फोटो परत मिळवले, कारण आयएसओएवढाच भाग पुसला गेला होता. पण फाइलींची नावं गेली ती गेलीच, आणि रिपोर्ट त्याने पुन्हा टाइप केला. निम्मा मी केला. तेव्हापासून माझा नियम: डीडीआधी बाकी सगळ्या डिस्क काढायच्या, 'एलएसबीएलके' मारून साइज बघायचा आणि मगच एंटर.

पुढचं सोपं. मशीन चालू होताना एस्केप, एफ २, एफ ९ किंवा एफ १२ यांपैकी कंपनीनुसार एक बटण दाबलं की बूट मेनू येतो. पेन ड्राइव्ह निवडा. लगेच इन्स्टॉल करू नका, आधी 'लाइव्ह' चालवून वायफाय, आवाज, टचपॅड तपासा. जुन्या डिस्कवरचं कामाचं सगळं दुसरीकडे काढून घ्या आणि मगच इन्स्टॉलर चालवा.

काही जुनी मशीन यूएसबीवरून बूटच होत नाहीत. तेव्हा दोन वाटा. पहिली म्हणजे हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा, तिथे इन्स्टॉल करा आणि परत बसवा. बूटलोडर मात्र त्याच डिस्कवर टाकायचा, हे विसरू नका. दुसरी वाट नेटवर्क बूटची. नेटवर्क कार्ड डीएचसीपी सर्व्हरकडे पत्ता मागतं, सर्व्हर पत्त्यासोबत बूट फाइलचं नाव कळवतो आणि कार्ड ती फाइल टीएफटीपीने खेचून आणतं. 'डीएनएसमास्क' हा एकच प्रोग्राम दोन्ही कामं करतो. पण बाबांनो, हा प्रयोग होस्टेलच्या लॅनवर अजिबात करू नका! तुमचा डीएचसीपी सर्व्हर अख्ख्या विंगला चुकीचे पत्ते वाटत सुटेल, सगळ्यांचं नेट बसेल आणि संध्याकाळी रेक्टर सर तुम्हाला शोधत येतील. दोन मशीनमध्ये थेट केबल टाका, नाहीतर वेगळा स्विच वापरा.

आता खरं सांगायचं तर लिनक्स टाकलं म्हणून म्हातारं मशीन जवान होत नाही. सिस्टिम हलकी झाली तरी आजच्या वेबसाइट जडच आहेत. ब्राउझरमध्ये तीन टॅब उघडले की १ जीबी रॅम संपते. शिवाय फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये ३२ बिट लिनक्सला नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. त्यामुळे अशा मशीनवर बँकेचे व्यवहार नकोत. पण जीसीसी, पायथन, टर्मिनल, पीडीएफ वाचणं आणि मराठी टायपिंग हे सगळं आरामात चालतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आणखी काय लागतं?

काकांना नेटबुक दिलं तेव्हा सोबत तो पेन ड्राइव्हही दिला आणि त्यांच्या मुलीला समोर बसवून सगळं पुन्हा एकदा तिच्याच हातून करून घेतलं. पंधरा दिवसांनी काका ताटात जास्तीची पोळी वाढत म्हणाले, "तिनं ते सगळं पुसून परत टाकलं म्हणे. तुला विचारलंपण नाही!"

अहो काका, तेच तर हवं होतं! तुमच्याही कपाटात असं एखादं मशीन पडलं असेल. पाऊस आहे, कपडे वाळायला वेळ आहे... काढा बाहेर. फक्त एंटर मारण्याआधी एकदा डिस्कचं नाव बघा.