दख्खनच्या राणीचे नेहमीचे प्रवासी

पुण्याहून सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून नोकरीसाठी मुंबई गाठणारे पासधारक ही वेगळीच जमात! १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी १९२ किलोमीटर अंतर साधारण सव्वातीन तासांत कापते. डायनिंग कार अजून आहे. टेबलाशी बसून गरम ऑम्लेट खाता येतं, हे सुख दुसऱ्या गाड्यांत नाही.

परतीचा प्रवास जास्त रंगतो. बोरघाटाचा चढ १:३७ इतका तीव्र, म्हणून गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. तोवर फलाटावरचा वडा हातात.

मुंबईत जिना धावत उतरणारा माणूस लोणावळ्यानंतर निवांत होतो आणि शिवाजीनगरला रिक्षावाल्याशी हुज्जतही घालतो.

२००२ पासून द्रुतगती मार्ग आहे. पण पावसाळ्यात घाट बघायचा तर रेल्वेचंच तिकीट काढा.