कलम ४९७: तक्रार फक्त नवऱ्याची

भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ व्यभिचाराला पाच वर्षांपर्यंत कैद सांगायचं, पण ती फक्त परपुरुषाला. बाई आरोपीही नाही आणि फिर्यादीही नाही. नवऱ्यानं बाहेर भानगड केली, तर बायकोला या कलमाखाली तक्रारच करता येत नसे. आणि नवऱ्याची संमती असेल, तर मुळात गुन्हाच नाही! संसार राहिला बाजूला, राखण चालली होती मालकी हक्काची. १९८५ मध्ये न्या. यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठानं हे कलम वैध ठरवलं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते रद्द करणाऱ्या पाच न्यायमूर्तींत त्यांचेच चिरंजीव धनंजय होते. झालं ते योग्यच. घटस्फोटाला मात्र व्यभिचार आजही कारण ठरतो, आणि लष्करात त्याबद्दल शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते.