डबा उलटा करून वाचा
डबाबंद ट्यूनात मासा, पाणी, मीठ एवढंच असलं तर उत्तम. अमेरिकी डब्यांवर मात्र ‘व्हेजिटेबल ब्रॉथ’ दिसलं की थांबावं. त्यात बऱ्याचदा सोया असतं. सोया वर्ज्य असेल तर ॲलर्जीची ओळ आधी पाहा. पायरोफॉस्फेट, म्हणजे भारतीय वेष्टनावरचं आयएनएस ४५०, घालतात ते स्ट्रुव्हाइटचे काचेसारखे खडे होऊ नयेत म्हणून. खरं तर हे खडे निरुपद्रवी. व्हिनेगरमध्ये गरम केले की विरघळतात, काच विरघळत नाही. खेकडा-कोळंबीच्या डब्यात रंग टिकवायला ईडीटीए, आयएनएस ३८५, असू शकतं. हिस्टामिन टाळणाऱ्यांना यादी वाचून फारसा उपयोग नाही: ते मासा नीट थंड न ठेवल्यास त्यातच तयार होतं आणि डबाबंद करतानाच्या उष्णतेनंही जात नाही.