ब्रेक पॅड घरी बदलावेत, पण घाई आणि कंजुषी नको

आपल्या धंद्यात गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. गांधीबागेतून कापडाचे गठ्ठे उचलून सावनेर, सौंसर, छिंदवाड्याकडे जाणारा व्यापारी असो की कामठीचा विणकर, छोटी व्हॅन दारात असली तर माल वेळेवर पोहोचतो. मात्र जिच्यावर रोजी चालते त्या गाडीकडे आपण दुकानातल्या मोजपट्टीइतकेही लक्ष देत नाही.

आमचाच अनुभव सांगतो. २०१६ च्या हिवाळ्यात छिंदवाड्याला माल देऊन परतत होतो. ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून चिरका आवाज यायचा. आठवडाभर तो ऐकूनही धूळ असेल म्हणून सोडून दिला होता. सिल्लेवानी घाटाच्या उतारावर त्या आवाजाची खरखर झाली आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी हवी तिथे थांबेना. गिअर खाली घेत कशीबशी कडेला उभी केली. शेजारी धाकटा पुतण्या बसला होता. नागपूरला चाक खोलले तेव्हा दिसले की पॅडवरचा मसाला संपून नुसती लोखंडी पाटी डिस्कवर घासत होती. पॅडचे पैसे वाचवायला गेलो आणि डिस्कही बदलाव्या लागल्या. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, आमचाच होता.

त्यानंतर एका जाणत्या मिस्त्रीजवळ बसून हे काम आम्ही शिकलो. ते अवघड नाही. फक्त क्रम चुकवून चालत नाही.

आधी रचना समजून घ्यावी. व्हॅन किंवा छोट्या मोटारीच्या पुढच्या चाकांना बहुधा डिस्क आणि मागच्यांना ड्रम असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड फिरत्या डिस्कला चिमट्यासारखे धरतात. घर्षणाने गाडी थांबते, पॅड मात्र झिजत जातो. नव्या पॅडचा मसाला साधारण १० मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत.

कापडवाल्यांना एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने १८९७ साली ब्रेकचा कारखाना काढला. त्याच्या सुरुवातीच्या ब्रेकमध्ये सुती पट्ट्या डांबरासारख्या पदार्थात भिजवून वापरीत. म्हणजे ब्रेकचा मसाला मुळात आपल्याच धंद्यातला! पण सूत उष्णतेने जळते, म्हणून पुढे ॲस्बेस्टॉस आला. त्याची धूळ फुफ्फुसाचा कर्करोग करते हे आज सिद्ध झाले आहे. जुन्या किंवा हलक्या पॅडमध्ये तो असू शकतो. त्यामुळे चाकातली काळी धूळ तोंडाने वा हवेच्या पाइपने कधीही उडवू नये. नाकाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी.

आता काम. गाडी सपाट, कडक जमिनीवर थंड होऊ द्यावी. हातब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग जॅक लावून गाडी उचलावी आणि खाली पक्का लोखंडी स्टँड ठेवावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवू नये.

एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. बहुतेक गाड्यांत कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की तो वर फिरतो. पूर्ण काढावा लागला तर तारेने बांधून ठेवावा, रबरी नळीवर लोंबू देऊ नये. जुने पॅड काढून पिस्टन शिकंज्याने हळूहळू आत दाबावा. यावेळी बोनेटमधल्या डब्यातले ब्रेक ऑइल वर चढते, म्हणून डब्यावर नजर ठेवावी. हे ऑइल रंग खाते. सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना ब्रेकचेच ग्रीस लावावे. पॅडच्या तोंडाला व डिस्कला तेलाचा बोटही लागता कामा नये. नवे पॅड दोन्ही चाकांना एकदमच टाकावेत, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. बोल्ट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतके कसावेत.

सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे. चाक बसवून गाडी खाली घेतल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पेडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबावे. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिले पेडल थेट तळाला जाते. हे विसरून गाडी काढणारा समोरच्या भिंतीवरच थांबतो. मग ऑइलची पातळी पाहावी, मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा हळुवार ब्रेक लावून पॅड बसू द्यावेत आणि पहिले दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणे शक्यतो टाळावे.

काही ठिकाणी मात्र हात आखडावा. ऑइल गळत असेल, पेडल मऊ लागत असेल, पिस्टनभोवतीचे रबर फाटले असेल, डिस्कवर खोल चरे असतील किंवा हातब्रेक बटणावर चालत असेल, तर काम मिस्त्रीकडेच द्यावे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट ३ जातीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा धरलेले १४० अंशांनाही उकळू शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात भरल्या गाडीने घाट उतरताना हा फरक जिवावर बेततो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे.

शेवटी खरेदीचे. तागा उलगडून पन्हा मोजल्याशिवाय आपण माल घेत नाही. मग ब्रेक पॅड मात्र सुट्ट्या पिशवीतले, बिनबिलाचे का घ्यावेत? सीलबंद डबा, गाडीचे नेमके मॉडेल आणि पक्के बिल पाहूनच घ्यावेत. बचत करायची ती मजुरीत करावी, मालात नाही. गाडीत बसलेला पोरगा आणि रस्त्यावरून चाललेला अनोळखी माणूस, दोघेही आपल्याकडे अमानत आहेत.