गोठलेलं भाडं

‘आताची मुलं उधळी, आम्ही पैशाला पैसा जोडला,’ असं माझ्या वयाची माणसं म्हणतात. मंडळी, हा हिशेब जरा तपासून पाहू या.

मुंबईत १९४७ साली भाडेनियंत्रण कायदा झाला आणि जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. पगार वाढले, महागाईभत्ता वाढला. खोलीचं भाडं जागच्या जागी. आमच्या गिरगावातल्या चाळीत भाड्यापेक्षा दुधाचं बिल मोठं असे! काटकसर होतीच, पण तिला कायद्याचा टेकू होता.

त्याच कायद्यामुळे भाड्यानं देण्यासाठी घर बांधणं कुणाला परवडेना. मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, पागडी फोफावली, आणि नव्या इमारती उभ्या राहू लागल्या त्या विकण्यासाठीच. १९९९ च्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तीही त्या जुन्याच भाड्यावर.

आता मुलांचं बघा. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत धरली, तर हप्ता ४३ हजारांच्या वर आणि एकूण फेड १ कोटी ४ लाखांची. दोनशे रुपयांची कॉफी महिनाभर रोज सोडली, तर वाचतात ६ हजार. हप्त्याचा सातवा हिस्साही नाही. शिवाय एवढ्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे साडेबारा लाख आधी हाताशी हवेत, मुद्रांक शुल्क निराळं. आणि या साडेबासष्ट लाखांत घर शोधायचं ते गिरगावात नव्हे, विरार-बदलापूरकडे. लोकलचा पास वेगळा.